अ‍ॅमेझॉन : नदी, कंपनी आणि त्याच्याही आधीच्या घोडेस्वार बायका



दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारीशेजारी ठेवून शिकवायचे असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. नद्यांचा भाग सुरू होता. नकाशावर अ‍ॅमेझॉनवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे नाव कुठं ऐकलंय?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "सर, पार्सलवालं!" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. कुंभार पिंपळगावातल्या पोरांनी ब्राझीलची नदी पाहिलेली नाही, पण गावात येणारा तो खोका त्यांनी पाहिलेला आहे. त्यांचं उत्तर काही चूक नव्हतं.

मग मी विचारलं, "कंपनीचं नाव नदीवरून पडलं. नदीचं नाव कशावरून?" वर्ग गप्प. त्या एका प्रश्नातून पुढचे तीन तास निघाले. एक भूगोलाचा, एक इतिहासाचा आणि एक मराठीचा. तिसऱ्या तासाला एका मुलीनं असा प्रश्न विचारला, की त्याचं उत्तर शोधता शोधता हा लेख लिहावा लागला. तो प्रश्न पुढं येईलच. आधी गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हालाही वर्गात सांगता येईल.

ग्रीकांची गोष्ट

ग्रीक पुराणकथांमध्ये अ‍ॅमेझॉन नावाची बायकांची एक जमात आहे. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, थर्मोडॉन नदीच्या काठी, थेमिस्कीरा हे त्यांचं नगर. आज हा भाग तुर्कस्तानात येतो. तिथं राणी राज्य करायची, बायकाच घोड्यावर बसायच्या, बायकाच लढायच्या. पुरुषांना त्या राज्यात जागा नव्हती. स्ट्राबो नावाच्या जुन्या भूगोलकारानं लिहून ठेवलंय, की वर्षातून ठरावीक काळात त्या शेजारच्या डोंगरातल्या एका जमातीला भेटायच्या. मुलगी झाली तर ठेवून घ्यायच्या, मुलगा झाला तर बापाकडं पाठवून द्यायच्या.

होमरच्या ‘इलियड’मध्येही त्यांचा उल्लेख आहे. तिथं त्यांच्यासाठी जे विशेषण वापरलंय, त्याचा अर्थ ‘पुरुषांच्या तोडीच्या’ असा लावतात. म्हणजे आपण ज्यांना फार जुनी गोष्ट म्हणतो, त्या गोष्टीतली माणसंसुद्धा अ‍ॅमेझॉनची आठवण ‘आमच्या तरुणपणची लढाई’ म्हणून काढतात.

वर्गात मी तीनच कथा सांगतो.

पहिली हेराक्लीजची, म्हणजे आपली पोरं ज्याला हर्क्युलस म्हणतात त्याची. त्याला बारा अवघड कामं नेमून दिली होती. त्यातलं नववं काम म्हणजे राणी हिप्पोलिटाचा कमरपट्टा आणणं. राणी तो पट्टा राजीखुशीनं द्यायला तयार झाली होती. पण हेरा देवीनं अ‍ॅमेझॉनचं रूप घेऊन अफवा पसरवली, की हा परका आपल्या राणीला पळवून नेतोय. बायका शस्त्रं घेऊन धावून आल्या. हेराक्लीजला वाटलं दगा झाला, आणि त्यानं राणीला मारून पट्टा घेतला.

दुसरी थिसियसची. अथेन्सच्या या वीरानं अँटिओपी नावाच्या अ‍ॅमेझॉनला पळवून नेलं. तिला सोडवायला अ‍ॅमेझॉन थेट अथेन्सवर चालून गेल्या. शहराच्या आत लढाई झाली आणि त्या हरल्या.

तिसरी पेंथेसिलीयाची. ट्रॉयच्या युद्धात हेक्टर मारला गेल्यावर ही राणी ट्रॉयच्या मदतीला आली. अकिलीजनं तिला मारलं. पण ती कोसळताना दोघांची नजरानजर झाली आणि तो तिच्या प्रेमात पडला, असं कथा सांगते. फार उशीर झाला होता.

आपल्याकडचं स्त्रीराज्य

इथपर्यंत आल्यावर पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, ही तर मच्छिंद्रनाथाची गोष्ट झाली!"

त्याचं बरोबर होतं. आपल्या भागात श्रावणात घरोघरी ‘नवनाथ भक्तिसार’ची पारायणं होतात. धुंडीसुत मालू यांनी १८१९ साली रचलेला हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ. पुस्तक न वाचलेल्या पोरांनाही त्यातल्या गोष्टी आजीकडून ठाऊक असतात. मढीला कानिफनाथाच्या आणि सावरगावला मच्छिंद्रनाथाच्या दर्शनाला जाऊन आलेली घरं तर प्रत्येक वर्गात निघतात.

त्या ग्रंथातलं स्त्रीराज्य आठवून पाहा. तिथं फक्त बायका. मारुतीच्या भुभुःकारानं गर्भ राहतो, पण पुरुष तिथं जगत नाही. राणी मैनाकिनी. मच्छिंद्रनाथ तिथं जातात, राणीसोबत संसार करतात, मीननाथ हा मुलगा होतो. मग गोरखनाथ गुरूला शोधत येतो. बैराग्याच्या वेशात आत शिरता येत नाही, म्हणून कलिंगा नावाच्या नर्तकीच्या मेळ्यात मृदंग वाजवणारा होऊन शिरतो आणि मृदंगाच्या बोलातून गुरूला हाक घालतो. गुरू भानावर येतो, राज्य सोडून निघतो. याच कथेवर प्रभात फिल्म कंपनीनं १९३२ मध्ये ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, मच्छिंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि स्त्रीराज्याच्या राणीच्या भूमिकेत होत्या दुर्गा खोटे.

दुसरी गोष्ट प्रमिलेची. ती ‘जैमिनी अश्वमेधा’त येते. नाझऱ्याच्या श्रीधर कवींनी ती मराठीत आणली. युधिष्ठिराच्या अश्वमेधाचा घोडा फिरत फिरत स्त्रीराज्यात शिरतो. राणी प्रमिला घोडा अडवते. अर्जुन समोर येतो, पण बाईशी लढावं कसं, या पेचात पडतो. शेवटी लढाई थांबते ती लग्नावर. प्रमिला अर्जुनाशी लग्न करायला तयार होते आणि राज्य सोडून हस्तिनापूरला जाते.

मूळ महाभारतातही स्त्रीराज्याचा उल्लेख आहे. शांतिपर्वात एका स्वयंवराला आलेल्या राजांच्या यादीत ‘स्त्रीराज्याचा अधिपती’ येतो. आणि गंमत अशी, की तो अधिपती पुरुष आहे! हे सांगितल्यावर मुली अशा काही हसल्या की बोलायची सोय नाही.

इथं एक सावधगिरी बाळगा. ग्रीकांची कथा आपल्याकडं आली की आपली तिकडं गेली, असा वाद वर्गात सुरू होतो. त्यात पडू नका. दोन ठिकाणच्या माणसांना सारखीच कल्पना सुचू शकते. आपण फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायच्या, जसे भारत आणि ब्राझील ठेवतो.

तो प्रश्न

फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडं ग्रीक, दुसरीकडं आपलं. राज्य कुणाचं, राणी कोण, बाहेरून कोण आलं, शेवट काय झाला. मुलांनी रकाने भरले. हिप्पोलिटा मारली गेली. अँटिओपी पळवली गेली. पेंथेसिलीया मारली गेली. प्रमिलेचं लग्न झालं. मैनाकिनीला सोडून मच्छिंद्रनाथ निघून गेले.

शेवटचा रकाना पूर्ण झाला आणि एक मुलगी उभी राहिली. एरवी फारसं बोलत नाही ती. म्हणाली, "सर, दरवेळी हरल्याच कामून त्या?"

मला उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगतो," म्हणालो. शिक्षकानं असं म्हणायला लाजू नये, पण म्हटलं की दुसऱ्या दिवशी सांगावं मात्र लागतं.

उत्तराचा पहिला भाग : गोष्ट कुणी सांगितली?

आपल्या गावाच्या नावातच कुंभार आहे, म्हणून मी सुरुवात मडक्यापासून केली. अ‍ॅमेझॉनची जी जुनी चित्रं आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत, त्यांतली पुष्कळशी मातीच्या भांड्यांवर आहेत. एक्सेकियस नावाचा अथेन्सचा कुंभार होता. भांडंही तोच घडवायचा आणि चित्रही तोच काढायचा. इसवी सनापूर्वी ५४० ते ५३०च्या सुमाराचं त्याचं एक भांडं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर अकिलीज पेंथेसिलीयाला भाल्यानं मारतोय आणि ती मान वळवून त्याच्याकडं पाहतेय. भांड्यावर कुंभारानं आपलं नावही घातलंय. अडीच हजार वर्षं झाली, राजे गेले, सैन्यं गेली, आणि कुंभाराचं नाव राहिलं. हे ऐकून आमच्या वर्गातल्या दोन-तीन चेहऱ्यांवर जे हसू आलं ते मी विसरणार नाही.

आता मुलांना विचारा, ही भांडी कुणी बनवली? अथेन्सच्या पुरुषांनी. अथेन्समध्ये बाईला मत नव्हतं, सभेत जागा नव्हती, चांगल्या घरची बाई शक्यतो घरातच राहायची. त्याच अथेन्सनं पार्थेनॉन हे आपलं सगळ्यात मोठं मंदिर बांधलं, तेव्हा त्याच्या पश्चिमेकडच्या बाजूवर ग्रीक आणि अ‍ॅमेझॉन यांची लढाई कोरली. आतल्या अथेना देवीच्या ढालीवरही तीच लढाई होती. म्हणजे देवी स्वतः बाई, हातात भाला-ढाल, आणि तिच्याच ढालीवर हरणाऱ्या बायका!

मग मुलांच्या लक्षात येतं. ज्यांच्या घरात बाई बोलू शकत नाही, त्यांना बोलणाऱ्या, लढणाऱ्या बायकांच्या राज्याची भीतीही वाटते आणि ओढही. म्हणून ते राज्य गोष्टीत उभं करायचं आणि गोष्टीतच मोडायचं. आपल्याकडंही तेच. ‘माया’ हा शब्दच पाहा. मच्छिंद्रनाथ स्वतःच्या पायानं तिथं गेले, संसार केला, पण मोह घालणारी ठरली ती राणी. मैनाकिनीला काय वाटलं असेल, नवरा आणि मुलगा दोघंही निघाले तेव्हा? त्यावर फार कुणी थांबत नाही.

इथं पालकांसाठी एक स्पष्ट सांगतो. हे विचारलं म्हणजे पारायणाचा अनादर होत नाही. नाथांच्या कथेचा गाभा वेगळा आहे. शिष्य गुरूला जागं करतो, ही त्यातली मोठी गोष्ट. ती मुलांना जरूर सांगा. पण पोरीला प्रश्न पडला तर तोही विचारू द्या. श्रद्धा प्रश्नानं मोडत नाही.

उत्तराचा दुसरा भाग : मातीखाली काय सापडलं?

दुसऱ्या दिवशी मी हेरोडोटसची गोष्ट सांगितली. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला हा इतिहासकार. तो म्हणतो, ग्रीकांनी थर्मोडॉनकाठी अ‍ॅमेझॉनांना हरवलं आणि कैद करून तीन जहाजांत भरलं. भर समुद्रात बायकांनी जहाजं ताब्यात घेतली. पण जहाज चालवता येईना. वारा नेईल तिकडं वाहत त्या आजच्या अझोव्ह समुद्राच्या काठाला लागल्या. उतरल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं? दिसलेला घोड्यांचा कळप पकडला आणि त्यावर बसल्या.

तिथं सिथियन लोक राहायचे. त्यांच्या तरुण पोरांची आणि या बायकांची हळूहळू ओळख झाली, जोड्या जमल्या. पोरं म्हणाली, चला आता आमच्या घरी. तेव्हा बायकांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं, की तुमच्या बायका गाड्यांत बसून घरकाम करतात, आम्ही धनुष्य चालवतो, भाला फेकतो, घोड्यावर बसतो; आमचं तिथं जमायचं नाही. शेवटी पोरंच आपलं घर सोडून त्यांच्याबरोबर डॉन नदीपलीकडं राहायला गेली. त्यांचे वंशज म्हणजे सौरोमेती, आणि त्यांच्या बायका अजून शिकारीला आणि लढाईला जातात, असं हेरोडोटस लिहितो.

या गोष्टीत बायका हरत नाहीत, हे मुलींनीच पकडलं. इथं लग्न झालं, पण घर सोडलं ते मुलानं!

बरीच शतकं लोक याला भाकडकथा म्हणत आले. मग गेल्या शतकात काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात सिथियनांच्या थडग्यांची खोदाई झाली. शस्त्रं सापडली की ‘हा पुरुष’ असं धरून चालायची पद्धत होती. हाडांचा नीट अभ्यास सुरू झाल्यावर कळलं, की त्यातली कितीतरी थडगी बायकांची आहेत. बाण, भाले, घोड्याचं सामान, आणि हाडांवर लढाईतल्या जखमांच्या खुणा. २०१९ मध्ये रशियातल्या व्होरोनेझजवळ, डॉन नदीच्याच भागात, देवित्सा इथं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं एक थडगं सापडलं. आत चार बायका होत्या. एक पंचेचाळीस-पन्नास वर्षांची, डोक्यावर सोन्याचा अलंकार. दोघी तरुण. आणि चौथी बारा-तेरा वर्षांची मुलगी. सोबत तिसाहून जास्त लोखंडी बाणाग्रं आणि भाले.

बारा-तेरा वर्षांची. म्हणजे आपली सातवीतली पोर. हे वाक्य वर्गात सांगितल्यावर थोडा वेळ गप्प बसा. मुलांना ते मनात बसवू द्या.

एक चूकही इथंच दुरुस्त करून घ्या. धनुष्य ओढायला अडचण नको म्हणून अ‍ॅमेझॉन एक स्तन कापायच्या, असं अनेक पुस्तकांत आणि व्हिडिओंत सांगतात. ते ‘अ‍ॅमेझॉन’ या शब्दाची ओढूनताणून केलेली फोड आहे. ग्रीकांच्या एवढ्या चित्रांत आणि मूर्तींत अ‍ॅमेझॉन धडधाकट, दोन्ही स्तनांच्या आहेत. लढायला अवयव कापावा लागत नाही, शिकावं लागतं.

आणि हीच उत्तराची खरी जागा आहे. या बायका कुणा देवाच्या वरदानानं लढत नव्हत्या. जमिनीवर समोरासमोर कुस्ती लागली तर अंगातली ताकद महत्त्वाची. पण घोड्यावर बसलं आणि हातात धनुष्य आलं, की बाई-पुरुष हा फरक फारसा उरत नाही. उरतो तो सराव. गवताळ मुलखात मुलगा असो की मुलगी, लहानपणीच घोड्यावर बसवत. म्हणून मी त्या मुलीला सांगितलं, "गोष्टीत हरल्या, कारण गोष्ट सांगणारे दुसरे होते. मातीत ज्या सापडल्या त्या हरलेल्या नव्हत्या. त्यांना कुणीतरी लहानपणी घोडा दिला होता."

नाव कुठं कुठं पोचलं

आता परत नदीकडं येऊ. १५४१-४२ मध्ये फ्रान्सिस्को दे ओरेयाना हा स्पॅनिश माणूस अँडीज पर्वताकडून नदीनं वाहत अटलांटिक महासागरापर्यंत गेला. त्याच्यासोबतच्या गास्पार दे कार्वाहाल या धर्मगुरूनं प्रवासाची हकीकत लिहिली. जून १५४२ मध्ये नदीकाठच्या लोकांशी चकमक झाली. त्यात बायका पुढं होऊन लढत होत्या, असं त्यानं लिहिलं. युरोपातून डोक्यात भरून आणलेली गोष्ट त्याला तिथं दिसली, आणि पुढं नदीचंच नाव अ‍ॅमेझॉन पडलं.

कॅलिफोर्नियाचंही तसंच. १५१०च्या सुमाराला माँताल्व्हो या लेखकाच्या एका स्पॅनिश कादंबरीत कॅलिफोर्निया नावाचं बेट होतं, कॅलाफिया राणीचं, फक्त बायकांचं, सोन्यानं भरलेलं. ते नाव पुढं अमेरिकेच्या किनाऱ्याला चिकटलं.

आफ्रिकेत दाहोमे नावाचं राज्य होतं, आजच्या बेनिन देशात. तिथल्या राजाकडं बायकांची खरीखुरी पलटण होती. १८९०च्या दशकात त्या फ्रेंच फौजेशी लढल्या. फ्रेंचांनी त्यांना नाव दिलं ‘अ‍ॅमेझॉन’. त्यांच्या भाषेत त्यांचं स्वतःचं नाव होतं, ‘अगोजी’. २०२२च्या ‘द वुमन किंग’ या चित्रपटामुळं ते नाव पुन्हा लोकांना कळलं.

१९४१ मध्ये अमेरिकेत ‘वंडर वुमन’ ही चित्रकथा सुरू झाली. तिची नायिका अ‍ॅमेझॉनांच्याच बेटावरची. आणि १९९४ मध्ये जेफ बेझोस यांनी आपल्या कंपनीला जगातल्या सगळ्यात मोठ्या नदीचं नाव दिलं. अशा रीतीनं थर्मोडॉनकाठची राणी आपल्या गावात खोक्यावर छापून आली.

यात एक खंत आहे, ती मुलांना दाखवावी. लढणारी बाई दिसली की तिचं नाव विचारायचं सोडून जुन्या गोष्टीतलं नाव तिला चिकटवलं गेलं. ब्राझीलमधल्या त्या बायका कोण होत्या, त्यांची भाषा कोणती, कुणी लिहून ठेवलं नाही.

आपल्या मातीतली नावं

म्हणून धड्याचा शेवट मी आपल्या नावांनी करतो. मराठवाड्यातलंच घ्या. माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातली रायबागन. नवऱ्यामागं तिनं जहागीर सांभाळली आणि मोगलांच्या बाजूनं फौज घेऊन लढली. २ फेब्रुवारी १६६१ला उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या सैन्याला कोंडीत पकडलं, तेव्हा ती त्या सैन्यात होती आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनं दिला, असं सांगतात. ‘रायबागन’ म्हणजे राजवाघीण. ही पदवी. लोकांच्या तोंडी पदवी राहिली आणि तिचं स्वतःचं नाव मागं पडलं. ती आपल्या बाजूनं लढली नाही म्हणून तिला वगळू नका. मुलांना इतिहास गुंतागुंतीचा असतो हेही कळलं पाहिजे.

ताराबाई तर सगळ्यांना माहीत. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर, वयाच्या पंचविशीत, तिनं औरंगजेबाविरुद्ध राज्य लढतं ठेवलं. तिथं कुणी येऊन राज्याची गोष्ट लग्नावर संपवली नाही. १७०७ मध्ये महाराष्ट्र न जिंकताच औरंगजेब इथल्याच मातीत गेला.

आणि शस्त्राशिवायचं स्त्रीराज्य? बारामती तालुक्यातल्या निंबूत गावात १९६३ सालीच सगळ्या बायकांची ग्रामपंचायत निवडून आली होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, त्यानंतर गावोगावच्या बायका पंचायतीच्या निवडणुकीची भाषा करू लागल्या. १९९३च्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. आज कितीतरी गावांत ‘सरपंच कोण?’ विचारलं तर बाईचं नाव येतं, आणि पुष्कळदा खुर्चीवर नवरा बसलेला असतो. शांतिपर्वातला ‘स्त्रीराज्याचा अधिपती’ आठवला ना? माझ्या वर्गाला लगेच आठवला.

वर्गात कसं घ्याल?

तीन तासिका पुरतात. पहिलीत नकाशा : काळा समुद्र, थर्मोडॉन, डॉन, आणि दक्षिण अमेरिका. दुसरीत दोन रकान्यांचा तक्ता, मुलांनी स्वतः भरायचा. तिसरीत लेखन. पाचवी ते सातवीच्या मुलांना फक्त हेरोडोटसची गोष्ट आणि मडक्याचं चित्र पुरे. जमलं तर गावातल्या मडक्यावर गेरूनं आणि चुन्यानं अ‍ॅमेझॉन काढायला लावा. आठवीच्या पुढं ‘गोष्ट कुणी सांगितली?’ हा प्रश्न घ्या.

लेखनासाठी हे प्रश्न देता येतील :

१. मैनाकिनी राणीच्या बाजूनं ही गोष्ट दहा ओळींत लिहा.
२. हेरोडोटसच्या गोष्टीत आणि हेराक्लीजच्या गोष्टीत शेवट वेगळा का असेल?
३. थडग्यात शस्त्र सापडलं म्हणजे तो पुरुषच, असं धरणाऱ्यांची चूक काय झाली?
४. तुमच्या आजीचं माहेरचं पूर्ण नाव लिहून आणा. ती कोणतं काम सगळ्यांत चांगलं करायची, हे विचारून लिहा.

चौथ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. आमच्या वर्गात निम्म्या मुलांना आजीचं माहेरचं नाव माहीत नव्हतं. घरी जाऊन विचारलं तेव्हा कळलं, की एकीची आजी पहाटे बैलजोडी जुंपून औत हाकायची, एकीची आजी गोदावरीच्या पुरात पोहून पलीकडं गेली होती. नावं नव्हती माहीत, पण बायका होत्या.

पालकांसाठी दोन शब्द

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झाली होती. आपल्या जालना जिल्ह्याचा आकडा त्याहून बराच वर आहे. आपल्याला आकडे नकोत, आपल्याला दहावीच्या निकालानंतरचा जून महिना माहीत आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत पोरीला मागं ठेवायची भीती वाटते, हेही खरं. कॉलेज लांब, रस्ता सुना, लोक बोलतात. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मीही मुलीचा बाप आहे.

पण एवढं लक्षात ठेवा. त्या गवताळ मुलखात बाईला पुरुषाच्या तोडीचं केलं ते घोड्यानं. इथं घोडा म्हणजे काय? सायकल. एस.टी.चा पास. सकाळची बस वेळेवर येणं. बारावीचा फॉर्म वेळेत भरणं. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळायला गेलेल्या पोरीसोबत बापानं बांधावर उभं राहणं. एवढंच लागतं.

ज्या मुलीनं प्रश्न विचारला होता, तिनं पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहून आणलं. मैनाकिनी होऊन. त्यात राणी रडत नाही, शापही देत नाही. ती गोरखनाथाला म्हणते, गुरूला न्यायचं तर ने, पण मृदंग इथं ठेवून जा, माझ्या पोरींना शिकायचाय.

मी त्या वहीवर ‘छान’ एवढंच लिहिलं. दुसरं काय लिहावं ते मला सुचलं नाही. तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात, तर तुमच्या मुली काय लिहितात ते जपून ठेवा. आणि वहीवर त्यांचं पूर्ण नाव घालायला विसरू देऊ नका.